तीन वेढ्यांचं गणित

बांधावरची बाभूळ पाडायची असेल तर वारा बघायचा, झुकाव बघायचा, एका बाजूने खाच घ्यायची, मागून करवत चालवायची आणि पळायचं. स्वारगेटला हे जमत नाही. इथे माणसालाच पळायला जागा नसते, तिथे आडव्या होणाऱ्या झाडाला कुठून मिळणार? एका अंगाला एसटी स्टँड, दुसऱ्या अंगाला पीएमपीच्या बसगाड्या, डोक्यावर जेधे चौकातला उड्डाणपूल, पायाखाली 2024 मध्ये सुरू झालेलं मेट्रोचं भुयारी स्टेशन, आणि उरलेल्या सगळ्या फटींत रिक्षा, वडापावच्या गाड्या, विजेच्या तारा आणि केबलवाल्यांची भेंडोळी.

अशा ठिकाणी झाड उतरवावं लागतं. शेंड्यापासून सुरुवात. फांदी कापण्याआधी तिला दोर बांधायचा, तो वरच्या एखाद्या बेचक्यातून किंवा कप्पीतून घेऊन खाली आणायचा, बुंध्याशी त्याला वेढे द्यायचे आणि शेपूट एका माणसाच्या हाती द्यायचं. वरचा माणूस करवत चालवतो, खालचा दोर सोडतो. रस्त्यावरचे बघे सगळे वर बघत असतात, कारण आवाज तिथून येतो. पण फांदी टपरीच्या पत्र्यावर येणार की मोकळ्या फुटपाथवर, अलगद येणार की आदळणार, हे खालचा माणूस ठरवत असतो. दोराचं दुखणंसुद्धा आधी त्याच्याच हातात कळतं.

मे सरत आला, वळवाचे दोन तडाखे बसले की पुण्यात हे काम जोरात सुरू होतं. रस्त्याकडेला आपण लावलेली बरीच झाडं परदेशी आणि घाईने वाढणारी. पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. दोघांचा पसारा मोठा. त्यात गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. झाड धोकादायक असलं तरी परस्पर तोडता येत नाही. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कागद हातात आला की मग प्रश्न उरतो तो दोराचा.

खाली दोर कशाला गुंडाळायचा, याची आपल्याकडची जुनी सोय म्हणजे शेजारचं दणकट खोड. दोन-तीन वेढे मारले की झालं. झाडकाम हा जिथे स्वतंत्र धंदा आहे तिथे त्यासाठी साधनं निघाली. सगळ्यात साधं साधन म्हणजे बुंध्याला पट्ट्याने टांगलेली जाड लोखंडी नळी. तिच्यावर दोराचे वेढे घ्यायचे. तिला पोर्टारॅप म्हणतात. त्यापुढची पायरी म्हणजे पट्ट्यांनी बुंध्यावर आवळून बसवलेला ड्रम किंवा विंच. अमेरिकेतल्या ग्रेग गुड या झाडकामवाल्याने तर शिडाच्या नौकेवरचा विंचच झाडाच्या बुंध्यावर आणला. त्यावर दोर सोडता येतो आणि हँडल फिरवून फांदी वरही उचलता येते. पण विंच असो, नळी असो की शेजारचं कडुलिंबाचं खोड, तिन्ही ठिकाणी धरून ठेवण्याचं काम घर्षण करतं. म्हणून तिघांची दुखणीही बरीचशी सारखी.

या घर्षणाचा हिशोब अठराव्या शतकात ऑयलर या स्विस गणितज्ञाने मांडला आणि 1808 मध्ये आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने तो पुढे नेला. त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो: वेढ्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. समजा दोर आणि ड्रम यांच्यातलं घर्षण असं आहे की एक पूर्ण वेढा भार साधारण पाचपट हलका करतो. मग दोन वेढ्यांनी तो पंचवीसपट हलका होईल आणि तीन वेढ्यांनी सव्वाशेपट. 200 किलोचा ओंडका वर लोंबकळत असताना खालच्या माणसाच्या हातात दोन किलोसुद्धा येत नाहीत. बाजारातून आणलेल्या कांद्याच्या पिशवीएवढा भार. गंमत म्हणजे या हिशोबात ड्रमची जाडी कुठेच येत नाही. मनगटाएवढी नळी आणि मिठीत न मावणारं खोड यांवर तीन वेढे सारखंच धरतात. अर्थात बारीक नळीवर दोर जास्त वाकतो आणि लवकर तापतो, ती गोष्ट वेगळी.

गुणाकाराची दुसरी बाजू मात्र वाईट आहे. ड्रम गुळगुळीत झाला, दोर नवा आणि बुळबुळीत असला, पावसाने किंवा करवतीच्या तेलाने घर्षण निम्म्याहून खाली आलं, तर एक वेढा भार पाचपट नव्हे, जेमतेम दुप्पट हलका करतो. तीन वेढे मिळून सहा-सात पट. आता तोच 200 किलोचा ओंडका हातात 30 किलोने ओढतो, तोही अचानक. ‘काल तीन वेढ्यांत काम झालं, आज कसं घसरलं?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. माणूस तोच, दोर तोच, वेढेही तेवढेच. बदललं ते घर्षण, आणि तीनदा गुणलं गेल्यामुळे त्याचा फरक अवाढव्य झाला.

यावर इलाज आधीच करायचा असतो. दोर पळू लागल्यावर वेढा वाढवणं म्हणजे धावत्या एसटीत चढण्यासारखं, जमलं तर जमलं. म्हणून दिवसाची पहिली फांदी लहान घ्यायची आणि तिच्यावर ड्रमचा हात ओळखायचा. पाऊस पडून गेला, दोर बदलला, झाड बदललं, की पुन्हा एक लहान फांदी. वड, पिंपळ, उंबर यांच्यावर काम असेल तर उलटाच त्रास होतो. त्यांचा चीक दोराला लागतो, वाळतो, आणि दोर ड्रमला धरून बसतो. मग अडकला, सुटला, अडकला, सुटला असे हिसके बसतात. हे हिसके वरच्या माणसाला झाडात जाणवतात आणि तो खालच्याला शिव्या घालतो. बहुतेक वेळा शिव्या चुकीच्या माणसाला पडतात. त्या वेळी खरी गरज असते फडक्याने ड्रम पुसायची आणि चिकाने माखलेला दोर बाजूला ठेवून दुसरा घ्यायची.

आता या धंद्यातलं सगळ्यात चिडवणारं दुखणं. विंचवर दोराचे वेढे एकाशेजारी एक, शिस्तीत बसले पाहिजेत. मध्येच एखादा वेढा शेजारच्या वेढ्यावर चढतो आणि त्याच्याखाली दुसरा चिरडला जातो. वरून भार ओढतोय, त्यामुळे चढलेला वेढा खालच्याला आणखी आवळतो. दोर ना पुढे जातो ना मागे. शेपूट सोडून दिलं तरी ओंडका हवेत लटकलेलाच. दर्यावर्दी लोकांत या वेढ्याला स्वार झालेला वेढा अशा अर्थाचं नाव आहे. स्वारगेटवर उभं राहून या दुखण्याला ‘स्वार’ म्हणायचा मोह आवरत नाही, तेव्हा मी तेच म्हणतो.

स्वार का चढतो, हे समजायला ड्रमकडे नीट बघावं लागतं. भाराकडून येणारा दोर ड्रमच्या बुडाशी यायला हवा आणि वेढे घेत घेत तोंडाकडे सरकून बाहेर पडायला हवा. बुंध्यावर बसवलेल्या विंचचं बूड खोडाला टेकलेलं असतं आणि तोंड बाहेर, रस्त्याकडे. म्हणजे वरून येणारा दोर खोडाला लगटून खाली यायला हवा. कप्पी मुख्य खोडाजवळ असेल तर तसा येतोही. पण कप्पी लांबच्या आडव्या फांदीवर बांधली की दोर तिरका येतो, ड्रमच्या मध्यावर किंवा तोंडाशीच उतरतो आणि आधी बसलेल्या वेढ्यांच्या डोक्यावर पाय देतो. याचं औषध स्वस्त आहे. विंचच्या वर, खोडालगत एक छोटी कप्पी बांधायची आणि दोर तिच्यातून वळवून सरळ ड्रमच्या बुडाशी आणायचा. पाच मिनिटांचं काम आहे. पण उशीर झालेला असतो, वाहतूक पोलीस घड्याळ दाखवत असतात, आणि ती पाच मिनिटं वाचवली जातात.

दुसरं कारण ढिलेपणा. फांदी उतरता उतरता खालच्या फांदीवर टेकते. दोर क्षणभर सैल पडतो, वेढे ड्रमवर फुलतात आणि जागा सोडतात. मग फांदी घसरून सुटते आणि विस्कटलेले वेढे आहेत तसेच आवळले जातात. म्हणून चांगला दोरवाला फांदी टेकली तरी शेपूट सोडत नाही. ढील खेचून घेत राहतो, जसा पतंगवाला मांजा घेतो. तिसरं कारण घाईचं. भार यायच्या आधीच चार-पाच वेढे मारून ठेवायचे आणि मग ढील ओढत बसायचं. आधी एक-दोन वेढ्यांवर ढील ओढावी, दोर ताठ झाल्यावर उरलेले वेढे घालावे, हा नौकेवरचा जुना क्रम झाडाखालीही तितकाच खरा आहे.

आणि चढलाच स्वार तर? पहिली गोष्ट, बोटं लांब. अडकलेला वेढा बोटाने उचकटायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो सुटतो तेव्हा बोटासकट आवळतो. दुसरी गोष्ट, भार दुसरीकडे द्यायचा. वरचा भार विंचवर आहे तोपर्यंत गाठ सुटणार नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं होतं. ड्रमच्या वर, ताणलेल्या दोरावर एका बारीक दोरीची प्रुसिक गाठ मारायची. ही गाठ 1931 मध्ये कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने प्रसिद्ध केली. सैल असताना ती दोरावरून सरकते, ताण आला की घट्ट धरते. पुण्यात ती शिकायला लांब जायला नको. रविवारी पहाटे स्वारगेटला भोर-वेल्ह्याच्या गाड्यांची वाट बघत पाठीवर दोर घेऊन उभी असलेली पोरं ती डोळे मिटून मारून दाखवतील. दोरी मात्र मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. जाड दोरावर जाड दोरीची प्रुसिक धरत नाही. त्या गाठीला चेन ब्लॉक किंवा टिरफॉर (हाताने तार खेचायचं यंत्र) लावून थोडं खेचायचं, की ओंडक्याचा भार विंचवरून उतरून तिकडे जातो. विंच ढिला पडतो आणि मघाशी लोखंडासारखा वाटणारा स्वार दोन बोटांनी सुटतो. मग वेढे नव्याने घालायचे, भार हळूच परत घ्यायचा आणि गाठ सोडायची. दोर कापून मोकळं होणं हा शेवटचा उपाय, आणि तोही ओंडक्याखाली चिटपाखरू नसेल तेव्हाच. ताणलेला दोर कापला की दोन्ही टोकं चाबकासारखी उडतात.

एवढं होईपर्यंत अर्धा तास जातो. गर्दीतला एखादा आजोबा ‘अहो, सरळ सोडून द्या की’ असा सल्ला देऊन जातो.

स्वार दिसतो तरी. धक्का दिसत नाही, आणि दोर मारतो तो धक्काच. बघ्यांना वाटतं, 100 किलोची फांदी म्हणजे दोरावर 100 किलो. ती अलगद लोंबकळत असेल तर खरं आहे. पण शेंडा कापताना कप्पी कापाच्या खाली असते. तुकडा सुटतो, कप्पीच्या खाली जातो आणि मग दोर ताणला जातो. एक साधा हिशोब करून बघू. 3000 किलोला तुटणारा, 12 मिलिमीटरचा पॉलिस्टर दोर, त्याची 10 मीटर लांबी ताणाखाली, आणि 300 किलोंच्या भाराला तो दोन टक्के ताणतो असं धरू. 100 किलोचा तुकडा एक मीटर पडून घट्ट धरलेल्या दोरावर थांबला, तर दोराला साधारण साडेसहाशे किलोंचा झटका बसतो. कप्पीत दोर खालून येऊन पुन्हा खाली वळतो, म्हणजे कप्पी ज्या खोडाला बांधली आहे त्यावर जवळपास दुप्पट, 1300 किलो. आणि त्याच खोडाला कंबरपट्टा लावून वरचा माणूस लटकलेला असतो.

आता त्याच हिशोबात दोन गोष्टी बदलू. ताणाखाली 10 ऐवजी 20 मीटर दोर असेल तर झटका 500 किलोंवर येतो, कारण लांब दोर जास्त ताणतो आणि जास्त झेलतो. विंच वर न बांधता बुंध्याशी बांधण्याचा हा एक मोठा फायदा. दुसरी गोष्ट खालच्या माणसाची. त्याने दोर घट्ट न धरता दोन मीटर पळू दिला, हळूहळू आवळत थांबवला, तर झटका उतरतो दीडशे किलोंवर. साडेसहाशे आणि दीडशे. फरक यंत्राचा नाही, दोराचाही नाही, एका माणसाच्या हाताचा आहे. क्रिकेटमध्ये उंच झेल घेताना हात मागे नेतो तसाच. वेढे जास्त मारले की मात्र हा हात मागे नेताच येत नाही. दोर पळतच नाही, तुकडा जागच्या जागी थांबतो. म्हणजे घसरायच्या भीतीने एक वेढा जास्त मारणारा माणूस सावध वाटतो, पण धक्क्याचा धोका तोच वाढवत असतो.

वजनाचा अंदाज चुकणं ही या धक्क्याची सख्खी बहीण. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकं जड असतं. 30 सेंटिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा ओंडका भरतो साधारण 65 किलो. व्यास दुप्पट, 60 सेंटिमीटर केला की वजन चौपट, अडीचशे किलोंच्या पुढे. डोळा व्यास बघतो आणि मन दुप्पट म्हणतं. गाठीचं विसरलं जातं ते वेगळंच. दोराला गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी होते. म्हणून तुटण्याच्या भाराच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच काम, असा आडाखा या धंद्यात सांभाळतात. 3000 चा दोर म्हणजे 300 किलोंचं काम. हा आडाखा कंजूषपणाचा वाटतो, पण वरचा हिशोब पाहिल्यावर वाटत नाही.

मोटेच्या काळात भाराप्रमाणे दोर निवडण्याचं शहाणपण घरोघरी होतं. विहिरीच्या मोठ्या चाकावरून जाणारा जाड नाडा भार ओढायचा आणि खालच्या कण्यावरून जाणारी बारीक सोल मोटेचं तोंड सांभाळायची. दोघांची कामं वेगळी म्हणून दोघांची जाडी वेगळी. विजेचे पंप आले, मोट गेली, आणि सुंभ, चऱ्हाट, कासरा, दावं, नाडा अशी प्रत्येक दोराला वेगळं नाव असलेली भाषाही मागे पडली. आता सगळंच ‘रस्सी’ किंवा ‘नायलॉन’. झाडाखालचे बहुतेक घोळ या एका शब्दापासून सुरू होतात.

कारण ‘नायलॉन’ म्हणून रविवार पेठेत बोहरी आळीत वजनावर मिळणारा निळा किंवा पिवळा चकचकीत दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हलका, स्वस्त, पाण्यावर तरंगणारा. टेंपोवर गाद्या बांधायला उत्तम. पण तो साधारण 165 अंशांना वितळतो आणि उन्हात खराब होतो, पांढुरका आणि काटेरी होत जातो. खरा नायलॉन 220 ते 260 अंशांपर्यंत टिकतो आणि भरपूर ताणतो, त्यामुळे झटका चांगला झेलतो. पण ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. पॉलिस्टर कमी ताणतो, उन्हापावसात टिकतो आणि 250 अंशांच्या पुढेच वितळतो. ड्रमवर उतरवण्याच्या कामाला तोच बरा. गिर्यारोहणाचा जुना दोर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. तो पडणाऱ्या माणसाला झेलताना लांबच लांब ताणण्यासाठीच बनवलेला असतो. त्यावर ओंडका बांधला तर तो यो-योसारखा नाचतो. पुण्याला चांगल्या दोराचं वावडं आहे असं नाही. 1976 मध्ये सुरू झालेली गरवारे-वॉल रोप्स, आताची गरवारे टेक्निकल फायबर्स, इथलीच. तिचा एक कारखाना वाईला, म्हणजे स्वारगेटहून सातारा रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच.

वितळण्याचे आकडे सांगायचं कारण ड्रमवर तयार होणारी उष्णता. 200 किलोचा ओंडका 10 मीटर उतरला की सुमारे 20,000 ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि ती जाते ड्रम आणि दोर यांच्या अंगावर. लिटरभर पाणी पाच अंशांनी तापवायला पुरेल एवढी. ऐकायला किरकोळ. पण पोलादाला पाण्यापेक्षा फारच थोड्या उष्णतेत ताप चढतो. तेवढ्याच ऊर्जेने दोन किलोची लोखंडी नळी वीस अंशांनी तापते. लागोपाठ आठ-दहा ओंडके, वर मे महिन्याचं ऊन, आणि वेढ्याच्या पृष्ठभागावर तर ताप याहून कितीतरी जास्त. शेवटचा ओंडका उतरल्यावर ड्रमला तळहात लावून बघायचा. हात टिकत नसेल तर चहा घ्यायची वेळ झाली असं समजायचं.

तापाची खूण दोरावर उमटते. एखाद्या जागी तो चकाकतो, काचेसारखा गुळगुळीत आणि ताठ होतो. आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती काथ्याच्या किंवा अंबाडीच्या सुंभाची गोष्ट. प्लॅस्टिकच्या दोराचं उलट. तो जळायच्या आधी वितळतो, त्याचे धागे एकमेकांत मुरतात आणि पीळ, पेड सगळं एक होऊन जातं. वरून तो नव्यापेक्षा चकचकीत दिसतो, म्हणून माणूस फसतो. नखाने खरवडून बघावं. नुसता वरचा पापुद्रा असेल आणि दोर हातात मऊ वळत असेल तर लक्ष ठेवून वापरता येतो. काठीसारखा कडक झाला असेल तर तेवढा भाग संपला.

पिळाचं दुखणं यापेक्षा शांत. ड्रमवर रोज एकाच दिशेने वेढे घालून दोर सोडला की प्रत्येक वेढ्यागणिक त्यात थोडा पीळ भरतो. हा पीळ शेपटाकडे ढकलला जातो आणि जमिनीवर पडलेला दोर सापासारखा आपोआप वेटोळी घालू लागतो. त्यातलं एखादं वेटोळं वर जाऊन कप्पीच्या तोंडाशी अडकलं की काम थांबतं. तीन पेडांच्या दोराचं जास्त बिघडतं. त्याचा पीळ उलट उलगडतो, पेड सुटे होऊन बाहेर कोंब काढतात, आणि तो कोंब दाबून बसवला तरी ताकद परत येत नाही. नेहमीचा उजव्या पिळाचा दोर असेल तर वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घालावेत. विणलेल्या दोराला तेवढी अट नाही. पण दोन्ही दोरांसाठी एक सवय चांगली: गोल गुंडाळी करायची नाही. दोर पिशवीत नुसता भरत जायचा किंवा आठाच्या आकड्यात टाकायचा, म्हणजे एका वळशाचा पीळ दुसऱ्या वळशात फिटतो. अधूनमधून टोकं बदलायची. झिजणारी जागाही त्याने बदलते.

आवरण आणि गाभा वेगळे असलेल्या दोरात आणखी एक तऱ्हा होते. ड्रम वरचं आवरण चोळत चोळत एका बाजूला सारतो, सैल मोजा घोट्यावर गोळा व्हावा तसं. दोर बोटांमधून हळूहळू सरकवत पाहिला की कुठे जाड तर कुठे पोकळ लागतो. आवरण शेवटाकडे चोळून नेता आलं आणि गाभा सगळीकडे सलग लागला तर जादाचं आवरण टोकाला कापून टाकता येतं. मधेच चपटा, रिकामा भाग लागला तर आत गाभा तुटलेला आहे. बाहेरून एकही धागा निघालेला नसतो, म्हणून हे डोळ्यांनी कळत नाही. दोर धुतानाच नीट तपासून होतो: साधं पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवण, आणि इंच इंच बोटाखालून. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी मात्र ठेवू नये. आम्ल नायलॉनला खातं, आणि खाल्ल्याचं दिसत नाही.

वादळात मुळासकट आडव्या झालेल्या झाडाचं काम वेगळं. तिथे अग्निशमन दलाची गाडी येते, मागोमाग हायड्रा क्रेन किंवा जेसीबी, आणि प्रश्न तारेच्या दोराचा होतो. त्याचा ड्रमवरचा स्वारही असाच चढतो, फक्त तो हाताने सुटत नाही. तारेच्या दोरावर हातमोज्याला टोचणारी एकेक तुटलेली तार म्हणजे सूचना. एकदा त्याचे पेड फुगून पिंजऱ्यासारखे उघडले की तो दोर गेला. टोकाला फास करताना लावायच्या क्लॅम्पची एक चूक जागोजाग दिसते. क्लॅम्पची बैठक भार घेणाऱ्या दोरावर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या शेपटावर हवा. उलटं लावलं तर बोल्ट नेमका कामाच्या दोराला चावतो. आणि खोड कापताना मुळांकडच्या खड्ड्यात कुणी उभं राहू नये. बुंध्यावरचा भार गेला की मातीसकट मुळांचा गड्डा झटकन पुन्हा उभा राहतो.

हातात दोर धरणाऱ्यासाठी दोनच नियम, पण ते मोडताना मी अनुभवी माणसंही पाहिली आहेत. दोर पकड मिळावी म्हणून तळव्याभोवती गुंडाळायचा नाही, आणि जमिनीवरच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. दोर पळाला की तो आधी तिथलाच माणूस सोबत नेतो.

राहिला बाद झालेला दोर. तो फेकला तरी आपल्याकडे फेकला जात नाही. मार्केट यार्डात कुणी त्याने पोती बांधतं, कुणी टेंपोची ताडपत्री, आणि दोन महिन्यांनी तोच दोर दुसऱ्या कुणाच्या झाडाखाली, ‘अजून चांगला आहे’ म्हणून, पुन्हा कामाला लागतो. म्हणून जाणते लोक बाद दोराचे करवतीने हातभर लांबीचे तुकडे करतात. तेवढ्या तुकड्याला फार तर शेळी बांधता येते.